साखरेला महाग

आमच्या आबांना जगातल्या निम्म्या देशांचे भाव ठाऊक होते आणि घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं ते ठाऊक नव्हतं. मोठ्या लढाईच्या वेळी ते फौजेत होते. मिसर, म्हणजे इजिप्त, आणि इटली बघून आलेले. तिथं त्यांनी काय पाहिलं, बरोबरचे कितीजण परत आले नाहीत, यातलं ते कधी अवाक्षर काढत नसत. सांगायचे ते अंड्यांचं. मिसरात अंडं केवढ्याला मिळायचं, इटलीत एका पावासाठी बायका बोटातली अंगठी कशी काढून द्यायच्या, आणि त्याच वेळी आपल्या इस्लामपुरात गहू काय भावानं होता. हवालदार होऊन घरी आले, चार एकरांत ऊस लावला, पण पारावर बसले की गडी पुन्हा मिसरात.

आई ऐकायची आणि चुलीपुढूनच म्हणायची, "लढाईला गेलतासा का अंडी घ्यायला?"

दुष्काळ पडला त्या साली आबांच्या या विद्येला पुन्हा बहर आला. आमची विहीर तळाला गेली, ऊस वाळला, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी ज्वारी आली. तिला सगळे मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि खाताना घशाला घासत जायची. आबा मात्र तो तुकडा हातात धरून, अमेरिकेत हे जनावरांना घालतात, तिथं याचा भाव काय असेल, ते सांगत बसायचे. आई म्हणायची, "भाव नगा सांगू. गिळा."

त्याच साली माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न झालं. मुलगा सांगलीचा, विलायतेत एका कारखान्यात नोकरीला. महिनाभराच्या रजेवर आला, मुली बघितल्या, आमची अक्का पसंत केली. लग्नात जेवणावळीवर बंदी होती म्हणून पाहुण्यांना चहा-चिवड्यावर वाटेला लावलं. अक्का निघाली तेव्हा आई रडली नाही. नुसती म्हणाली, "काय दिवस आलं बगा. जुंधळा तिकडनं इकडं येतुया आन् लेक इकडनं तिकडं चाललीया."

अक्काची पत्रं यायची. तिनं लिहावं आपल्या संसाराचं, तर आबांचे सवाल भावांचे. बटाटे काय भाव, दूध काय भाव. ती बिचारी लिहायची. तिथं केळी डझनावर नाही, वजनावर मिळतात, हे पारावर कुणालाच पटलं नाही. फुलकोबीचा एक गड्डा केवढ्याला, हे आबांनी रुपयांत करून सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हवालदार, जावई सोनार हाय का वो?" मोठा घोटाळा झाला तो पौंडाचा. तिथं पैशालाही पौंड म्हणतात आणि वजनालाही. आबांनी एक पौंड टोमॅटोची किंमत एक पौंड धरून गावभर सांगितली आणि पुढच्या पत्रात अक्कानं ती चूक दुरुस्त केली. आई हसून लोळली. "वजनाचं आन् पैशाचं नाव एकच? मग त्येंच्यात सावकाराचं बरं फावत असंल."

मी तेव्हा साताऱ्याला मामांकडं राहून डी.एड. करत होते. मामांच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहायचे. त्यांच्याकडं फोन होता. अक्काला दिवस गेल्याचं पत्र आलं आणि त्यातच तिनं लिहिलं, अमुक तारखेला संध्याकाळी मी वकिलांच्या फोनवर बोलेन, आईला साताऱ्याला घेऊन या. आईनं आयुष्यात फोन कानाला लावला नव्हता. पण दोन वर्षांत लेकीचा आवाजही ऐकला नव्हता. सकाळच्या एसटीनं आबा आणि ती निघाली, कराडला गाडी बदलली, आणि दुपारीच मामांच्या दारात हजर. आईनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. मामी म्हणाली, "वन्सं, फोनवर दिसत न्हाई वो." आई म्हणाली, "मला ठावं हाय. तरीबी."

एक गोष्ट इथं सांगायला हवी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडं कायदाच आहे. नवऱ्याकडं सोन्याचा पाळणा असला तरी पहिल्या खेपेला लेक आईकडं येते. दिवस गेल्याचं कळल्यापासून आईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खोबरं, खारीक, डिंक, तूप, सगळं त्या वर्षी आकाशाला भिडलं होतं. आई एकेक जिन्नस थोडा थोडा जमवत होती, आमच्या ताटातलं तेल कमी करून. अक्का येणार का आणि कधी येणार, एवढं एकच तिला त्या फोनवर विचारायचं होतं.

फोन आला. आधी आबांनी धरला, फौजेतल्यासारखं ताठ उभं राहून. मग आईच्या कानाला लावला. पलीकडून नुसती खरखर, मग एकदम अक्काचा आवाज, आम्हालाही ऐकू येईल इतका मोठा.

"आये, बरी हाईस का गं?"

"मी बरीच हाय. तू कवा येतीस त्ये सांग."

"येणार हाय गं. ह्येंचं रजेचं ठरतंय. येतो आमी."

आईचा चेहरा असा फुलला की वकिलांची बायकोसुद्धा हसली. आई म्हणाली, "तुज्या तोंडात साखर पडू दे गं बाई."

पलीकडून अक्काचं हसू ऐकू आलं. "आये, अगं साखरंलाच तर महाग झालोय हितं."

आई काहीतरी विचारणार, तेवढ्यात खरखर वाढली आणि फोन बंद पडला. आईनं तो कानाचा काढलाच नाही. शेवटी वकिलांनीच हळूच तिच्या हातातून घेतला.

आई जिना उतरली. मामांच्या घरात आल्यावर खाली बसली आणि म्हणाली, "पोरगी उपाशी हाय."

आबांना हा विषय म्हणजे मेजवानी. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. साऱ्या जगात साखरेचा भाव भडकला होता, विलायतेत दुकानासमोर रांगा लागल्या होत्या, एका माणसाला एकच पुडा. "अगं, साखर महाग झालीया म्हणती ती. हितल्या कैक पटीनं महाग. पण त्येंचा पगार बी तसाच असतुया. उपाशी कशानं?"

"साखर महाग हाय हे निराळं," आई म्हणाली, "आन् माणूस साखरंला महाग झालं हे निराळं."

"एकच की गं."

"एक कसं? पाणी महाग हाय म्हणलं तर इकत घिऊन पितुया माणूस. आन् पाण्याला महाग झालं म्हणलं तर?"

आबांनी मामांकडं बघितलं. मामा हसले. मामीही हसली, अडाणी माणसाचा शब्दाचा घोळ म्हणून. मी पुढं तीस वर्षं पोरांना विभक्ती शिकवल्या, स-ला-ते, स-ला-ना-ते घोकून घेतलं, पण त्या एका "ला"मध्ये केवढी दरी असते हे मला फळ्यावर कधी दाखवता आलं नाही. आईला ते सही करायला न येताच कळत होतं. अक्कानं चेष्टेत म्हटलं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. "हसत हुती की ती," मी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "लगीन ठरलं तवाबी अशीच हसत हुती."

मामीनं चहा आणला. आईनं कप हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, लेक येऊन आपल्या हातानं तोंडात घालेपर्यंत मी गोड खायची नाही. साखर नाही, गूळ नाही. आमच्याकडं बायका असं धरतात. कुणी तांदूळ सोडतं, कुणी पायात वहाण घालत नाही. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ दिस टिकंल बग." उसाच्या गावात गोड सोडायचं म्हणजे चेष्टा नव्हती. पाव्हणा आला तरी पाण्याबरोबर गुळाचा खडा पुढं येतो.

आणि तिनं अक्काला कळवायला बंदी घातली. "परमुलकात घास घशात अडकंल तिच्या."

पाऊसकाळ बरा झाला होता. हंगामाला आमचं गुऱ्हाळ लागलं. काहिलीत रस उकळायला लागला की अर्ध्या कोसावर वास जातो, आणि वाटेनं जाणाराही आत येऊन पानावर गरम काकवी चाटून जातो. आई दिवसभर त्या वाफेत उभी राहायची, सगळ्यांना वाढायची, आणि बोट लागलं तर पदराला पुसायची. गूळ कसा झालाय हे दरसाल तीच चाखून सांगायची. त्या साली गुळव्यानं खडा पुढं केला तर म्हणाली, "वासावरनंच चांगला हाय." लेकीसाठी तिनं दोन लहान ढेपा वेगळ्या पाडून घेतल्या. एक पाठवायची, एक ती आल्यावर फोडायची म्हणून फळीवरच्या गाडग्यात ठेवायची.

पाठवायची ढेप आणि डिंकाचे लाडू घेऊन आई आणि मी सांगलीला गेलो. अक्काच्या सासरचं कुणीतरी त्या आठवड्यात विलायतेला निघालं होतं. विहीणबाईंनी पाट मांडले, चहा केला, बशीत बर्फी ठेवली. माणसं वाईट नव्हती. आई बसून राहिली. चहावर साय धरली.

"घ्या ना विहीणबाई. आमच्याकडची साखर गोड नाही का?" त्या म्हणाल्या.

"उपास हाय," आई म्हणाली.

त्यांना वाटलं आम्ही रुसून आलोय. म्हणूनच बहुधा त्यांनी ते सांगून टाकलं. "आता तुम्हांला राग येणं साहजिक आहे. पण ती बाळंतपणाला येत नाही. तिकडं दवाखाना फुकट असतो, औषधपाणी फुकट, दूधसुद्धा सरकार देतं. इकडं यायचं तर विमानाचं भाडं. त्यात कारखाना आठवड्यातले तीनच दिवस चालत होता, मध्ये पगार कापला होता पोराचा. कशाला उगाच? तिनं तुम्हांला लिहिलं असेल ना?"

तिनं लिहिलं नव्हतं. लिहायची हिंमत झाली नसेल.

आईनं ढेपेचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. लाडवांचा डबा पुढं सरकवला. "एवढं पाठवा मग," म्हणाली. त्यांनी अवघडून सांगितलं, सामानाला वजनाची मर्यादा असते, ढेप जमणार नाही, लाडू बघू. मग आई ढेप काखेत घेऊन उठली. परतीच्या एसटीत तिनं ती मांडीवर ठेवली होती, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी भाड्याचा आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. एवढे दिवस फुलकोबीचे रुपये करून गावभर सांगणारे आमचे आबा, त्या दिवशी त्यांनी उत्तर कुणालाच सांगितलं नाही. रात्री जेवताना मात्र, बोलायचं म्हणून, वर्तमानपत्रातलं काढलं. आपल्या मुलखाची साखर बोटीनं परदेशात चाललीया, चांगला भाव मिळतोय.

आई म्हणाली, "साखरंला बोट मिळती. माझ्या लेकीला मिळत न्हाई." आबांच्या ताटात भाकरी तशीच राहिली.

अक्काला मुलगी झाली. तार आली, पेढे वाटले, आईनं सगळ्या आळीला आपल्या हातानं वाटले आणि स्वतः पेपराला बोटं पुसली. विलायतेत साखर पुढं काही महिन्यांत मुबलक झाली, भावही उतरला. आबांनी आईला ते वाचून दाखवलं. "आता तर सोड की नेम." आई म्हणाली, "साखर आली. लेक कुठं आली?"

दरसाल अक्का येणार म्हणायची आणि दरसाल काहीतरी निघायचं. घर घेतलं, ती कामाला लागली, पोरीला गोवर आला. इकडं माझं लग्न झालं. पुरणपोळीच्या पंगतीत आई वाढत फिरली आणि मागाहून आमटी-भात खाऊन उठली. दर हंगामाला ती जुनी ढेप मोडून घरात वापरायला काढायची आणि नव्या गुळाची लहान ढेप त्याच गाडग्यात ठेवायची, वर फडकं बांधून. ते गाडगं कुणी हलवायचं नाही.

शेवटी एका थंडीत पत्र आलं की तिकिटं काढली, मे महिन्यात येतोय. यावेळी खरंच काढली होती. आईनं माझ्याकडून ते पत्र तीनदा वाचून घेतलं आणि मग गाडगं खाली काढून बाहेरून घासलं.

फेब्रुवारीत तिला ताप आला. आधी खोकला, मग छातीत कफ. कराडला नेलं, इंजेक्शनं दिली, परत आणलं. शेवटच्या दिवशी मी तिच्या उशाशी होते. अंगात त्राण नाही म्हणून शेजारच्या काकू गुळाचं पाणी करून चमच्यानं पाजायला आल्या. आईनं डोळे उघडले नाहीत, पण ओठ मिटून घेतले. काकू म्हणाल्या, "आगं, औषद म्हणून तरी." त्या चमचा पुन्हा लावणार तोच आबांनी त्यांचा हात धरला.

"नगं," आबा म्हणाले. "गोड नगं तिला. लेक यायचीया."

आठ दिवस टिकेल म्हणाले होते तेच. संध्याकाळी आई गेली. तोंडात तुळशीचं पान आणि पाणी, एवढंच ठेवलं. मी तिला पुष्कळदा मनात विचारते, काय मिळवलंस गं तू असं करून. मला तिचा रागही येतो अजून.

मे महिन्यात अक्का आली. तार पोचली होती, तरी तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेणं जमलं नव्हतं. अंगणात आली, आबांच्या गळ्यात पडली, मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन आई बसायची त्या जागी भिंतीला टेकून बसली. पोर दारात उभी राहून आपल्या निळ्या बुटांकडं बघत होती. मी चहा ठेवला.

"मला बिनसाखरेचा ठेव," अक्का म्हणाली.

आबा उंबऱ्यावर होते. "का गं?"

"सवय झाली, आबा. तवा साखर मिळत नव्हती ना, तवापासनं सुटली ती सुटलीच." मग म्हणाली, "तशी साखरेची काय एवढी गरज नव्हती मला. पण मी रोज जाऊन रांगेत उभी राहायची. दिवसभर घरात बोलायला कुणी नसायचं. रांगेत बायका एकमेकींशी बोलायच्या, ते ऐकायचं. माझा नंबर आला की घरी यायला लागायचं, म्हणून कधीकधी मी पुन्हा मागं जाऊन उभी राहायची."

आबा आत आले. फळीवरचं गाडगं त्यांनी खाली घेतलं, फडकं सोडलं आणि अक्काला सगळं सांगितलं. फोनचं, नेमाचं, सांगलीच्या चहाचं, शेवटच्या चमच्याचं. मग ढेप बुक्कीनं फोडून एक खडा तिच्या हातावर ठेवला. "तुज्या हातनं खाणार हुती."

अक्का त्या खड्याकडं बघत राहिली. "आता कुणाला भरवू, आबा?"

आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "तुजी आय म्हणायची, साखर महाग हाय हे निराळं आन् साखरंला महाग झालं हे निराळं. मी समद्या मुलखाचं भाव सांगत बसलो. मला त्यातलं काय बी कळलं न्हवतं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तू आयला महाग झालीस, पोरी."

मे महिना होता, पत्र्याखाली उकडत होतं. अक्काच्या हातात गूळ पाघळायला लागला, मनगटापर्यंत ओघळ आला, तरी तिनं मूठ उघडली नाही.